बाळाची दिवसाची जागा

टीव्हीचा आवाज तिला कधीच मोठा लागत नाही. मुलगा म्हणतो, आमची आई बातम्या ऐकत नाही, नुसत्या तपासते.

दारावरची बेल तिनेच काढायला लावली. कर्कश होती म्हणे.

सून शिवताना टाचण्या तोंडात धरते आणि तशीच बोलते. सासू कपाळाला आठ्या घालून बघत राहते. सुनेला वाटतं, टाचणी गिळली जाईल ही काळजी आहे.

सासू कामाला होती त्या गिरणीच्या विणकाम खात्यात कोणी ओरडत नसे. शेकडो माग एकदम चालत असताना ओरडून काय होणार? बाया तोंड मोठं उघडून, ओठ नीट वळवून, आवाज न काढता बोलायच्या. खात्याच्या या टोकाच्या बाईने त्या टोकाच्या बाईला नवऱ्याची अख्खी तक्रार सांगितली, तरी मधल्या मुकादमाला पत्ता नसायचा.

मागची खोली गार आहे.

"बाळाला दिवसा स्वयंपाकघर नकोच," सून म्हणाली. "कुकरची शिट्टी झाली की दचकते ती."

"मग पुढची खोली," मुलगा म्हणाला. तो बसडेपोत मेकॅनिक होता. प्रत्येक गोष्टीला एक जागा असते आणि ती एकदा ठरली की विषय संपतो, असं त्याचं मत होतं.

"पुढे माझं मशीन, गिऱ्हाईकं, आणि वर ते ट्रक. तुझं घर रस्त्याच्या मांडीवर बसलंय."

"लग्नात तर म्हणाली होतीस, आपलं घर."

"घर आपलंच. ट्रक तुझे."

मधली खोली दोघांची. तिला खिडकीच नव्हती, नि वर पत्रा. रात्री ठीक, पण दिवसा तिथे पापड वाळले असते. बाळाचं वजन करायला आलेल्या नर्सताई काटा पिशवीत भरत होत्या. त्यांनी चारही खोल्या फिरून पाहिल्या.

"मागची छान आहे. हवा आहे. फक्त उशी नको, पाठीवर झोपवा, तोंडाशी दुपट्याचे बोळे नकोत. आणि ऐकायला कोणीतरी हवं जवळ. पुढे मशीन चालू असताना तुम्हाला मागचं रडणं कसं ऐकू येणार?"

"मी आहे की," सासू म्हणाली. "ती माझीच खोली. दिवसभर तिथेच तर असते. ऐकायला मी आहे."

हे वाक्य ती मोठ्याने, सगळ्यांच्या देखत बोलली. कोणी विचारलंही नव्हतं.

*

तिला कळलं ते असं. निवृत्तीनंतर घर शांत वाटायला लागलं होतं. त्यात नवल नव्हतं. इतकी वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यावर कुठलंही घर शांतच वाटणार. मग एका सकाळी ती ओट्याशी उभी असताना कुकरमधून वाफेचा फवारा छतापर्यंत गेला. शिट्टी थरथरत उभी राहिली. आणि आवाज आला नाही.

तिला आधी वाटलं, कुकर बिघडला.

त्याच आठवड्यात तिने बेल काढायला लावली.

डॉक्टरकडे जाता आलं असतं. पण खात्यात दोरा गुंडाळणारी एक म्हातारी होती, तिला सगळे 'बहिरी' म्हणत. नाव असेल काहीतरी तिचं. तिच्या पाठीमागे उभं राहून काहीबाही बोलायचं आणि हसायचं, ही सुट्टीतली करमणूक. नकला करण्यात सासूच पुढे. म्हातारी "आँ?" करायची, तस्सं हिला जमायचं. तेव्हा मागाजवळच्या बाया पोट धरून हसायच्या. आता स्वतःच्या तोंडून "आँ?" बाहेर पडू नये म्हणून ती आपणच खूप बोलायला लागली. जो बोलत राहतो त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. समोरच्याचं तोंड दिसत असेपर्यंत तिचं काही अडत नव्हतं. पाठ फिरली की ती "हो" म्हणायची. घरातल्या घरात "हो" म्हणणारी सासू कोणाला नको असते?

*

पहिला दिवस. टोपलीत चादर ताणून बसवली. उशी नाही. टोपली तिच्या खाटेसमोर, आणि ती टोपलीसमोर.

बाळ रडायच्या आधी त्याची हनुवटी हलते. खालचा ओठ बाहेर येतो. कपाळ लाल होतं. मग तोंड उघडतं. हनुवटी ते तोंड, एवढ्यात बाळाला उचलायचं.

ती उचलायची.

"आई, तुमच्याकडे रडतच नाही ती!" सून दारात येऊन म्हणाली. "माझ्याकडे रात्री घर डोक्यावर घेते."

"हात लागतो त्याला."

"आमची आई म्हणजे वेधशाळा," मुलगा म्हणाला. "वादळ यायच्या आधी इशारा."

सगळे हसले. तीही हसली. बाळाच्या तोंडावरून नजर न हलवता.

दुपारची झोप तिने सोडली. पाणी कमी प्यायला लागली, कारण न्हाणीघरात जायचं म्हणजे तेवढा वेळ टोपलीकडे पाठ. जायचंच झालं तर सुनेला हाक मारायची, "जरा बघ गं, पाय मोकळे करून येते." डोळ्यांची आग व्हायची. मागावर तुटलेला दोरा नजरेने पकडायचा असायचा, तेव्हाही एवढी आग झाली नव्हती. तिथे दोरा तुटला तर कापडाला भोक पडायचं, मुकादम बोलायचा, संपलं.

सून कौतुक करायची तेव्हा ती आणखी बोलायची.

*

मग ती दुपार.

बाळ गाढ झोपलं होतं. खिडकीतल्या दोरीवर दुपटी, झबली वाळली होती. ती उठली. पाठ फिरली. दोन हातांवरच तर खिडकी. घड्या घालता घालता ती खांद्यावरून बाळाशी बोलत होती, नेहमीसारखी.

"हे बघ, हे पिवळं झबलं. तुझ्या आईने शिवलंय. लोकांच्या पोरांचे गणवेश शिवते शिस्तीत, आणि स्वतःच्या पोरीची बाही मात्र उलटी लावली. सांगू नकोस हं तिला. चिडते लगेच. आणि हे निळं..."

निळ्याची घडी करून ती वळली.

दारात सून उभी होती. तोंडात टाचण्या. डोळे टोपलीवर. टोपलीत बाळाचं तोंड जांभळं झालं होतं, मुठी आवळलेल्या, उघडं तोंड तसंच उघडं, आवाज बहुतेक बसत आलेला. टाचेने चादर सोडवून त्याने ती पोटापर्यंत ओढली होती.

सुनेने बाळाला उचललं. खांद्यावर घेतलं. मग एका हाताने तोंडातल्या टाचण्या काढायला लागली. एक काढून भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचली. दुसरी. तिसरी. तोपर्यंत सासूला तिथे उभं राहावं लागलं, हातात निळं झबलं घेऊन.

"किती वेळ रडतेय ही?"

आता दोनच उत्तरं होती. दोन्ही तिला माहीत होती.

"रडू दे की थोडं," ती म्हणाली. "रडल्याने फुप्फुसं मोकळी होतात."

"आई, पुढे मशीन थांबवल्यावर मला तिथपर्यंत ऐकू आलं. आणि तुम्ही इथे मजेत घड्या घालताय? गप्पा मारत?"

"तुझ्या नवऱ्यालाही असंच वाढवलंय. लगेच उचललं की लाडावतात."

खोटं होतं. मुलगा लहान असताना तो नुसता कुरकुरला तरी ती धावायची. पण वाक्य झटकन आलं, आणि आलं ते ठसक्यात आलं. सुनेने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथे भीती होती. आपण आपलं मूल कोणाच्या हवाली केलं होतं, ही.

*

संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघं. ती मागच्या खोलीच्या दारातून बघत होती. जेवढं दिसलं तेवढं:

सून: "...मुद्दाम..." (पाठ.)

मुलगा: "...आई असं कधीच..." (फ्रिजचं दार.)

सून: "...माझ्या डोळ्यांनी..." (पाठ. खांदे हलताहेत.)

मुलगा: (हात कपाळावर.)

सून, अर्धं तोंड: "...दगड..."

उरलेलं तिने जुळवलं नाही.

*

टोपली मधल्या खोलीत गेली.

जेवण वेळेवर, चहा वेळेवर, गोळी हातात. "आई, भात घ्या अजून." फक्त बाळ तिच्या मांडीवर यायचं ते सून समोर बसलेली असतानाच.

मधल्या खोलीत पंखा गरम हवा खालीवर करायचा. चार दिवसांत बाळाच्या मानेला, काखेत घामोळं उठलं. सून मशीनवरून उठायची, आत जायची, पुठ्ठ्याने वारा घालायची, परत यायची, धागा ओवायची, परत उठायची. गणवेश साचत चालले होते. डेपोतून आल्यावर मुलगा हात न धुताच आधी आत डोकवायचा.

आणि मागच्या गार खोलीत ती एकटी. खिडकीतून वारा यायचा. तिला त्या वाऱ्याचीच लाज वाटायला लागली. पडलं की अंगावरून जायचा, सुखाचा. ती खिडकी लावून घ्यायची. मग तेही बावळटपणाचं वाटायचं, खिडकी लावून बाळाला काय मिळणार होतं? परत उघडायची.

एका दुपारी ती उठून पुढच्या खोलीत गेली. सून बाही जोडत होती. सासू मशीनच्या समोर, सुनेचं तोंड उजेडाकडे येईल अशी उभी राहिली.

"खोल्या बदलू," ती म्हणाली. "मागची तुम्ही घ्या. मशीनही तिकडे न्या. बाळ तुझ्या नजरेसमोर राहील."

"आणि तुम्ही?"

"मी इथे. पुढे."

"इथे?" सून बाहेर हात करून म्हणाली. "अहो आई, इथे झोप लागेल का तुम्हाला? ट्रक काय, हॉर्न काय. गिऱ्हाईक म्हणेल, सुनेने सासूला रस्त्यावर काढलं. रागाने काही करू नका हं. मी त्या दिवशी बोलले ते—"

"राग नाही. मला ट्रक ऐकू येत नाहीत."

सून जरा हसली. "सवय होईल म्हणायचंय तुम्हाला."

"नाही. येत नाहीत. बाळ रडतं तेही येत नाही. त्या दिवशीही आलं नव्हतं."

सुनेचा पाय पायट्यावर थांबला. चाक आपलं थोडं फिरत राहिलं. मग सून काहीतरी म्हणाली, पण मान खाली, सुईच्या दिशेने.

सासूच्या तोंडावर "हो" आलं होतं.

"वर बघून बोल," ती म्हणाली. "तोंड दिसल्याशिवाय मला कळत नाही."

सुनेने मान वर केली. मग सावकाश म्हणाली, "म्हणजे इतके दिवस ती रडायच्या आधीच तुम्ही उचलायचात, ते..."

"बघत बसायचे."

"दिवसभर?"

"मला दुसरं काय काम होतं?"

"का नाही सांगितलंत?"

गिरणीतल्या 'बहिरी'ची गोष्ट सांगण्यासारखी नव्हती. तिने मशीनवर पडलेला एक दोऱ्याचा तुकडा उचलून बोटाला गुंडाळला.

"सांगितलं असतं तर दिलंच नसतं तिला माझ्याजवळ," ती म्हणाली. "आणि बरोबरच होतं ते."

सून खुर्चीवरून उठली, परत बसली. "मी ह्याला म्हटलं, तुम्ही दगड आहात म्हणून."

"दिसलं मला."

बाहेरून ट्रक गेला असावा, कारण सुनेने क्षणभर डोळे मिटले.

*

रविवारी मुलाने खाट पुढे आणली. खाटेचे पाय टेकवून झाल्यावर तो आईच्या कानाशी वाकला आणि मोठ्याने काहीतरी बोलला. त्याचा ऊन श्वास कानाला लागला. रस्त्यावरचे दोघे वळून बघायला लागले.

"ओरडू नकोस," ती म्हणाली. "समोर ये."

तो समोर आला. पण बोलायच्या ऐवजी त्याने खाट हलत नाही ना, ते पुन्हा एकदा हात लावून पाहिलं.

मागच्या खोलीत बाळ पाठीवर झोपलं होतं, दोन्ही हात डोक्याशी. सून शेजारी कापड बेतत होती. सासू दारापर्यंत गेली. आत जायला कोणाची ना नव्हती. ती उंबऱ्याशीच थांबली आणि बाळाच्या हनुवटीकडे बघत राहिली.

मुलगा दोन महिन्यांचा असताना ती परत कामावर गेली होती. गिरणीचं पाळणाघर विणकाम खात्याच्या भिंतीला लागून होतं, मध्ये एक खिडकी. बाकीच्या बाया मागांच्या आवाजापायी कानांत सुताचे बोळे घालून काम करत. मूल रडलेलं कळावं म्हणून ती घालत नसे.