टेबल कुणी हलवलं

आमच्या घरामागच्या बागेत एक आगगाडी धावते. लिंबाच्या झाडाला वळसा घालून ती नळाजवळच्या दगडी बोगद्यात शिरते, गुलाबाच्या वाफ्याकडून बाहेर पडते आणि बुटाच्या खोक्याएवढ्या स्टेशनात येऊन थांबते. इंजिन असेल दीड वीत. अरुंद रुळांवरून डोंगर चढणाऱ्या नॅरोगेजच्या गाड्या असतात ना, त्यांची ही धाकटी बहीण.

ती यांनी दुकान बंद केल्यावर बांधायला घेतली. यांना सगळे घड्याळजी म्हणतात. बाजारातल्या कोपऱ्यावरच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून यांनी उभा जन्म काढला. मग एक दिवस कुलूप घातलं आणि विचारेल त्याला सांगितलं, "डोळे दगा द्यायला लागले." मी शेजारीच उभी होते. खोटं बोलायचं नाही असा माझा नेम आहे, पण ऐकून घ्यायचं नाही असा नेम मी कधी केला नाही. डोळे यांचे अजून घारीसारखे आहेत. दगा दिला तो उजव्या हाताने.

हात थरथरतो. बारीक कामाला लागला की जास्तच. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या साखरेच्या डब्यामागे असतात, आणि घरात तो विषय आम्ही काढत नाही.

माझा दुसरा नेम सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत मी बोलत नाही. देवाशी काय ते मनातल्या मनात, आणि माणसांशी दुपारनंतर. माझी धाकटी नणंद पलीकडच्या गल्लीत राहते. वन्सं रोज सकाळीच डोकावतात. म्हणतात, "वहिनीशी बोलायची मजा सकाळीच. मधे तोंड घालत नाही."

गाडीचं जाड काम यांना जमलं. चर खणला, त्यात खडी दाबून बसवली, पाणसळ ठेवून चढ पाहिला, पाणी रुळाखाली साचू नये म्हणून कडेने नाली काढली. रुळाला बाक देताना तर मला वाटलं, जुने हे परत आले. पण रूळ एकमेकांना जोडायचे स्क्रू म्हणजे तीळ. ते गवतात पडायचे. मी लोहचुंबकाला दोरा बांधून गवतातून फिरवायची आणि सापडतील तसे वाटीत टाकायची. "हल्ली स्क्रूच हलके बनवतात," हे म्हणायचे. मी मान डोलवायची.

इंजिन जोडून झालं तेव्हा नव्या कपबशीसारखं चकचकत होतं. यांना ते बघवेना. "डोंगरातलं इंजिन असं असतं का? हे तर लग्नाला निघालंय." त्याच्यावर वापर दिसायला हवा होता. धुराड्यापाशी काजळी, पोटावर पाण्याचे पांढरे ओघळ, चाकांवर तेल आणि धूळ. यांनी ब्रश घेतला. सरळ खाली यायला हवा तो ओघळ नागमोडी गेला. दुसराही तसाच. मग ब्रश धुतला, पुसला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू बघ गं जरा."

माझा सगळा जन्म डाग काढण्यात गेलेला. आता डाग पाडायला शिकले. पातळ तपकिरी रंग सगळीकडे लावायचा आणि सुकायच्या आत फडक्याने वरून खाली, एका दमात पुसून घ्यायचा. खाचाखोचांत राहील तेवढाच राहू द्यायचा. गंज कसा चढतो ते मी आमच्या फाटकाच्या बिजागरीवर पाहिलं, बादलीच्या बुडाशी पाहिलं. पाणी जिथे थांबतं तिथे तो बसतो, वाटेल तिथे नाही. काजळीसाठी कोळसा कुटून वस्त्रगाळ करून घेतला. हे शेजारी बसून सांगायचे, "तिथे नको. तिथे ड्रायव्हरचा हात सारखा लागतो, तिथे चकाकीच राहणार." डोळे यांचे, हात माझा. इतक्या जवळ आम्ही संसारात क्वचितच बसलो असू.

बागेत अशा गाड्या बांधणारी यांची चार मित्रमंडळी आहेत. त्यातले चष्मेवाले सगळ्यात जवळचे, यांच्या दुकानाला लागून त्यांचं चष्म्यांचं दुकान. इंजिन पाहून ते गवतातच बसले.

"घड्याळजी, हे कुणाचं काम रे?"

"जमलं कसंबसं," हे म्हणाले. हात खिशात होते. पाहुणे आले की यांचे हात खिशात जातात.

ते खोटं नव्हतं. कुणाला जमलं एवढंच सांगायचं राहिलं. पुढच्या खेपेला मात्र कुणीतरी पाठ थोपटली, तेव्हा हे म्हणाले, "शेवटी घड्याळजीचा हात आहे." मी पाणी घेऊन आले होते. सकाळ होती.

मग हळूहळू लक्षात आलं की पाहुणे सकाळीच येतात. एका दुपारी मी विचारलं, "अहो, तुम्ही सगळ्यांना सकाळीच का बोलावता?"

"सकाळी ऊन कोवळं असतं. गाडी छान दिसते."

पुढे विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. व्रत माझं, आणि त्याच्या आडोशाला हे उभे राहत होते. लाज याची, की तो आडोसा मलाही सोयीचा होता. दुपारी कुणी विचारलं असतं तर मला खरं सांगावं लागलं असतं आणि यांचं उतरलेलं तोंड पाहावं लागलं असतं. मौनात दोन्ही टळत होतं. देवापुढे हात जोडले की मला हे आठवायचं, आणि मी डोळे जरा लवकर उघडायची.

एका रविवारी सकाळी चष्मेवाले न कळवता आले. काखेत खोका. वन्सं नुकत्याच येऊन टेकल्या होत्या. खोक्यातून मालगाडीचा डबा निघाला, लालभडक, नवाकोरा.

"आज याला म्हातारा करून घेतल्याशिवाय मी जायचा नाही," चष्मेवाले म्हणाले. "आणि 'ठेवून जा, करून देतो' हे आज चालणार नाही. माझ्यासमोर कर. मला शिकायचंय."

"आज ऊन फार आहे रे. रंग भराभर सुकतो."

"मग व्हरांड्यात बसू."

"रंग संपलाय."

"दादा, परवाच तर आणलास," म्हणत वन्सं आत गेल्यासुद्धा. कपाटं उघडल्या-मिटल्याचे आवाज आले. "सापडला. वहिनीच्या शिवणाच्या डब्यात होता, कात्रीखाली."

"तिथे सुरक्षित राहतो," हे म्हणाले.

चष्मेवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाणी आणायला आत गेले, आणि ट्रे घेऊन दाराशी आले तोवर हे टेबलापाशी बसले होते. खिशातून हात बाहेर काढणं किती अवघड असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. उजवा हात आला, मागोमाग डावा आला आणि त्याने उजव्याचं मनगट धरलं. ब्रश रंगात बुडला. डब्याजवळ जाता जाता त्याची थरथर वाढली, एक मोठा थेंब डब्यावर पडला, आणि ब्रश तो थेंब ओढत गेला. पाटीवर पहिली रेघ ओढणाऱ्या मुलासारखी रेघ उमटली.

"हिने टेबल हलवलं," हे म्हणाले.

मी दाराच्या चौकटीत होते. दोन्ही हातांत ट्रे.

वन्सं हसल्या. "वहिनी, तोंडाचं मौन पाळतेस तसं कधी हातापायांचंही पाळ की."

चष्मेवाले हसले नाहीत. फरशीकडे बघत म्हणाले, "हो, हललं असेल. एक पाय आखूड दिसतोय टेबलाचा."

टेबलाचा कुठलाच पाय आखूड नाही. माझ्यावर आळ आला त्याचं मला तितकं वाटलं नाही, नवऱ्याच्या वाटणीचं एखादं बोलणं बायको खातेच. पण बाहेरच्या माणसाने यांची अशी बाजू सावरून घ्यावी, ते यांना कळावं, आणि कळूनही यांनी "हो ना" म्हणावं! हे म्हणाले, "हो ना." आणि पुन्हा ब्रश बुडवला.

या वेळी रंग डब्यावर पडला, टेबलावर पडला, चाकांकडे ओघळायला लागला. रंग कडेने सुकत चालला होता. माझं लक्ष तेवढ्यावरच गेलं, आणि मग जे झालं ते ठरवून झालं नाही. मी ट्रे खाली ठेवला, फडकं उचललं, डबा डाव्या हातात तोलला आणि वरून खाली, एका दमात पुसला. फळ्यांच्या खाचांत तपकिरी रेषा राहिल्या, फळी न् फळी उठून आली. उरलेला थेंब करंगळीने ओढून डब्याच्या दाराच्या बिजागरीखाली आणला आणि तिथे सोडून दिला. डब्याची ती बाजू म्हातारी झाली.

मग मी वर पाहिलं. वन्संनी सांगितलेलं हाताचं मौन मला पाळता आलं नव्हतं.

"म्हणजे इंजिनसुद्धा..." वन्सं म्हणाल्या आणि थांबल्या. वाक्य अर्धं सोडलेल्या वन्सं मी प्रथमच पाहिल्या.

हे उठले. रंगाने माखलेले हात तसेच खिशात घातले आणि बागेच्या टोकाला निघून गेले.

चष्मेवाल्यांनी ब्रश पुसून ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, दुकान बंद केलं तेव्हा हा म्हणाला, डोळे गेले. त्याचे डोळे मीच तपासले होते. तेव्हापासून वाट बघतोय, मला कधी सांगेल. आज वाटलं, समोर बसवलं की येईल तोंडातून." त्यांनी डबा उचलला, परत ठेवला. "मित्राला असं कोंडीत पकडतात का? तुम्ही काही बोलू नका वहिनी. बोलणार नाहीच म्हणा." आणि डबा तिथेच ठेवून ते गेले.

वन्संही निघाल्या. जाता जाता माझ्याजवळ आल्या. "टेबल तू नव्हतंस ना हलवलं?"

नुसती मान हलवली असती तरी माझा नेम मोडला नसता. मी हलवली नाही.

जेवणाची पानं मांडली. हे आले नाहीत, म्हणून मी बागेत गेले. स्टेशनाशेजारी उकिडवे बसून रुळावरची पानं वेचत होते.

"बोल आता," हे म्हणाले. "जेवणाची वेळ झाली."

सकाळभर मी मनात कितीतरी समजुतीचं रचून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "टेबल मी हलवलं नव्हतं."

"माहीत आहे."

"आणि फडकं मी उचलायला नको होतं."

"फडक्याचं सोड." एक पान रुळाच्या फटीत अडकलं होतं, ते यांना निघेना. मी काढलं नाही. शेवटी निघालं. "मी तुझं नाव घेतलं, ते तुला उत्तर देता येणार नाही हे ओळखून. आणि तसं ते आयत्या वेळी सुचलं असंही नाही गं. सगळ्यांना सकाळी बोलवत होतो, तो काय उन्हासाठी?"

"मला ठाऊक होतं," मी म्हटलं. "मी गप्प राहिले. दुपारीसुद्धा."

मी आतून तो डबा आणला आणि यांनी तो इंजिनामागे जोडला. आकडा अडकायला वेळ लागला. गाडी निघाली. आमच्या बाजूने डबा वर्षानुवर्षं डोंगर चढून थकलेला, आणि लिंबाला वळसा घालून आली की लालभडक, दुकानातून आत्ता आणलेला. पुन्हा वळली की म्हातारा.

"एकच बाजू झालीये," हे म्हणाले.

संध्याकाळी खिशाला लागलेला डाग मी धुवायला घेतला. तो काही निघाला नाही. ती पँट हे अजून घरात घालतात.

दोन दिवसांनी फोन दोन्ही हातांनी धरून हे चष्मेवाल्यांशी बोलत होते. "रविवारी ये. सगळ्यांना आण. नाही, सकाळी नको, दुपारी, जेवणं झाल्यावर. असेना का ऊन." फोन ठेवून मला म्हणाले, "विचारलं तर तू सांग. माझ्याच्याने ते वाक्य निघायचं नाही."

मी हो म्हटलं. आणि त्याच क्षणी मनात आलं, या रविवारपासून मौन संध्याकाळपर्यंत वाढवावं का? देवाला काय, आवडेलच. दिवा लावताना त्या विचाराची इतकी शरम वाटली की काडी दोनदा विझली.

रविवारी दुपारी फाटकाची बिजागरी कुरकुरली. "या," मी म्हटलं. माझा आवाज ऐकून मंडळी जरा दचकलीच. त्यांच्यापैकी तिघांनी तो बहुधा पहिल्यांदा ऐकला. वन्संही आल्या होत्या, आणि गप्प होत्या. चहाच्या कपबशा टेबलावर मांडल्या, रंग आणि ब्रश तिथेच होते. चष्मेवाल्यांनी डबा उचलला, त्याची कोरी बाजू सगळ्यांना दिसेल अशी धरली, आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "ही उरली आहे."

बोलायचं होतं मी. मी यांच्याकडे पाहिलं.

यांनी खिशातून दोन्ही हात काढले आणि टेबलावर ठेवले, एकमेकांना न धरता. कपबशा किणकिणायला लागल्या. एकाने आपली बशी दाबून धरली, तरी बाकीच्या वाजतच होत्या. वन्संनी खाली वाकून टेबलाच्या पायांकडे पाहिलं.

"पाय ठीक आहेत गं," हे म्हणाले. "टेबल मी हलवतोय. त्या दिवशीही मीच."

आणि ब्रश माझ्याकडे सरकवला.