सहा घरांचं स्वयंपाकघर

शिवणकारखाना सुटला की बायका घरी येऊन थेट स्टोव्हपुढे उभ्या राहायच्या. एका संध्याकाळी वहिनी इमारतीच्या जिन्यात थांबल्या. सहा दारांआड सहा पातेली खदखदत होती आणि भुकेली पोरं रडत होती. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळू लागला : सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र का नको?

धाकटे दीर इतिहास शिकवायचे. ते हसले. "वहिनी, हा तर युटोपियन समाजवाद. दोनेकशे वर्षांपूर्वी नव्या गिरण्यांत लहान पोरंही यंत्रांना जुंपलेली पाहून काहींच्या पोटात तुटलं. त्यांना वाटलं, भांडाभांडी नको, एक न्यायाची वस्ती उभारून दाखवू, मग जग आपणहून मागे येईल. युटोपिया म्हणजे कुठेच नसलेली जागा. पुढच्या समाजवाद्यांनी त्यांना स्वप्नाळू म्हणत हे नाव चिकटवलं."

"कुठेच कशाला? तळमजल्यावरची खोली रिकामी आहे की भाऊजी."

वहिनींनी पदर खोचला. कोणी काय रांधायचं, कोणी भांडी घासायची, सगळं त्यांनीच ठरवलं. सुरुवात झकास झाली. मग एके दिवशी कापड बेतणाऱ्या मास्तरांची बायको आपला स्टोव्ह उचलून वर निघून गेली. पाठोपाठ आणखी दोघी गेल्या.

वहिनींचा चेहरा पडला. "तुमच्या त्या वस्त्या टिकल्या का हो, भाऊजी?"

"बहुतेक मोडल्या. काही तर दोन-चार वर्षांतच. पण बालशाळा, सहकारी दुकानं यांना त्यांनीच बळ दिलं."

"मोडल्या कशानं?"

"कारणं पुष्कळ. एक म्हणजे, आखणारा एक आणि राबणारे दुसरेच."

वहिनी उठून वर गेल्या आणि मास्तरीणबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"माझं काय चुकलं?"

"चुकलं असं नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण आम्हाला विचारलं कोणी? कारखान्यात मुकादम, खाली तुम्ही."

शब्द झोंबला, पण खरा होता. "मग आता विचारते. तुम्हाला काय हवं?"

"आधी पोरांना सांभाळायला कोणीतरी. स्वयंपाकाचं मग बघू."

रविवारी सगळ्या तळमजल्यावर जमल्या. पुष्कळ वाद झाला. वहिनी जिभेवर ताबा ठेवून ऐकत राहिल्या. शेवटी ज्या दोघींना रात्रपाळी होती त्यांनी दिवसा पोरांकडे आळीपाळीनं बघायचं ठरलं, आणि त्या दोघींचं जेवण बाकीच्यांनी रांधायचं. एक घर तरीही सामील झालं नाही. त्यांच्यासाठी दार उघडं ठेवायचं, असं मास्तरीणबाईंनीच सुचवलं.