शेंग दिसली की खुडायची

माझी नजर अधू झाली तेव्हाच मी धरून चालले होते, की आता माश्याही हातच्या जाणार. पोळ्यातलं अंडं म्हणजे तांदळाच्या कणीहून बारीक. ते दिसेनासं झालं, की मधमाश्या पाळणं म्हणजे नुसतं पेटीशेजारी खुर्ची टाकून बसणं. मुलगी दिवसभर नोकरीवर, शिवाय माशी दिसली की किंचाळणारी. राहता राहिले जावईबापू.

जावईबापू घड्याळजी. म्हणजे होते. लोकांनी घड्याळं दुरुस्त करून घेणं सोडलं, दुकानाला कुलूप लागलं आणि दोघं माझ्याकडे राहायला आली. आल्यापासून हा माणूस पाहुण्यासारखा वावरायचा. चहा हवा असला तरी मागायचा नाही. खुर्ची सरकवायची तर आवाज नको म्हणून उचलून ठेवायचा. मला अशा अदबीचा राग येतो. म्हणून एक दिवस जाळीचा बुरखा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "चला जावईबापू, माझे डोळे व्हा."

पहिल्याच दिवशी बुरख्याची नाडी बांधायची राहिली आणि एक माशी आत शिरली. दुसरा कोणी असता तर गल्ली डोक्यावर घेतली असती. हे आपले ताठ उभे. "आई, एक आत आली आहे. काय करू?"

"बसायला सांगा," मी म्हटलं.

नाक सुजून टोमॅटो झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माझ्याआधी पेटीपाशी हजर, नाडीला दोन गाठी. तेव्हा मला हा माणूस आवडायला लागला. हात तर असा हलका, की पोळ्याची चौकट बाहेर काढली तरी माश्यांना पत्ता लागायचा नाही.

शिकवलं मीच. धूर थोडा द्यायचा, चौकट उभीच धरायची, सावली पेटीवर पडू द्यायची नाही. त्यात एक गोष्ट शेंगेची. नवी राणी वाढवायची असली की माश्या तिच्यासाठी भुईमुगाच्या शेंगेसारखं लांबट घर बांधतात. त्या दिवसांत फुलं भरात होती, पेटीत माश्या मावत नव्हत्या. अशा वेळी शेंगा होऊ दिल्या, की जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन उडून जाते. म्हणून मी बजावलं, "शेंग दिसली की खुडायची. विचार करत बसायचं नाही."

पुढे एका दुपारी मी पेटीला कान लावला आणि चरकले. सुखी पेटी एका सुरात गुणगुणते. ही कण्हत होती.

"जावईबापू, अंडी दिसतात का?"

"मागच्या दोन खेपांना नाही दिसली. पण पेटी स्वच्छ आहे, आई. पाच-सहा शेंगा होत्या, सगळ्या खुडल्या."

"चौकटीच्या खालच्या कडेला होत्या ना?"

"नाही. मधोमध."

कडेची शेंग उडून जाण्यासाठी असते. मधोमध शेंगा बांधतात त्या राणी मेली किंवा थकली म्हणून. माझी राणी गेली होती, माश्या बिचाऱ्या दुसरी वाढवत होत्या, आणि ती यांनी चिमट्याने नीट खुडून टाकली होती. आता अंडंच नाही, तर नवी राणी करणार कशाची? एकुलती एक पेटी आणि तीही चालली.

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "घड्याळं बुडवलीत, आता माश्याही बुडवा."

त्यांनी बुरखा खुंटीला अडकवला, आत गेले. रात्री जेवताना मुलीला म्हणाले, "दुसरीकडे खोली बघू या का आपण?" मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून भात कालवत राहिले.

अंथरुणावर पडून मी स्वतःशी भांडत होते. सांगकाम्या आहे मेला, असं म्हणून पाहिलं. पण सांगितलं कोणी? मी. कडेची कोणती आणि मधली कोणती, हे दोन वाक्यांचं काम होतं. ती मी हातची राखली होती. सगळंच सांगून टाकलं तर मला कोण विचारणार, एवढीच भीती. लाज वाटली मला, खरंच लाज वाटली.

सकाळी म्हटलं, "जावईबापू, बेकरीवाल्याकडे जायचंय. मला रस्ता नीट दिसत नाही, हात धरा."

बेकरीवाल्याच्या परसात पाच पेट्या. पण आमचं बोलणं बंद होतं. एकदा त्याचं मोहोळ उठून माझ्या झाडावर बसलं. मी ते पेटीत भरलं आणि तो मागायला आला तेव्हा विचारलं, "नाव लिहिलंय का माश्यांवर?" आता त्याच्याच दारात निघाले होते. अडला हरी गाढवाचे पाय धरी. यातलं गाढव कोण, हे इतकी वर्षं मला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या उंबऱ्यावर तेवढी खात्री राहिली नाही.

"ताज्या अंड्यांची एक चौकट हवी," मी म्हटलं. "पेटीत राणी नाही."

"शेंगा केल्या असतील की त्यांनी."

"खुडल्या."

"मधल्या?" तो हातातलं पीठ झटकत हसला. "कोणत्या शहाण्यानं?"

माझ्या हाताखालचा जावईबापूंचा दंड ताठ झाला. ते म्हणाले, "मी—"

"मी," मी मोठ्याने म्हटलं. "यांना मी अर्धंच शिकवलं. यांनी मी सांगितलं तसंच केलं. चूक माझी आहे, आणि वर यांना नको ते बोलले तेही माझंच चुकलं."

बेकरीवाला आत जाऊन चौकट घेऊन आला. "नाहीतरी माझ्याच माश्या आहेत त्या," एवढं पुटपुटला. तेवढा त्याचा हक्क होता. जावईबापूंनी चौकट उबदार फडक्यात गुंडाळून, तान्हं मूल न्यावं तशी घरी नेली. वाटेत कडेची शेंग, मधली शेंग, मला येतं ते सगळं मी सांगत होते. खोलीचा विषय दोघांनीही काढला नाही.

माश्यांनी त्या अंड्यांवर शेंगा बांधल्या. या वेळी कोणी हात लावला नाही. पण शेंगेतून राणी निघायची, ती मिलनासाठी बाहेर उडून सुखरूप परतायची, मग अंडी घालायची. यात महिना जातो आणि काहीही बिघडू शकतं.

महिन्याने पेटी उघडली. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले.

"राणी नाही दिसली, आई," ते म्हणाले. मग पुढची चौकट उचलली. "पण अंडी आहेत."

माझं मन राखायला सांगत असतील, असं वाटलं. खात्री करायला मला डोळे कुठे होते?

"पोळ्याच्या एका घरात किती?"

"एकच. बरोब्बर तळाला."

राणी नसलेल्या पेटीत कामकरी माश्या अंडी घालू लागतात, तेव्हा एकेका घरात चार-चार, कशीही पडलेली असतात. एवढं एकच मी त्यांना सांगायचं विसरले होते. मन राखण्यासाठी इतकं अचूक उत्तर कोणाला सुचत नाही. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

तेवढ्यात कुंपणापलीकडून बेकरीवाल्याची हाक आली. "काय हो, लागली का चौकट? झाली का राणी?"

"मला काय विचारता? पेटी ज्यांची आहे त्यांना विचारा."

मला अंधूकच दिसतं, पण जावईबापू मागे वळून कोण आलंय ते बघताना स्पष्ट दिसले.

"अहो, तुम्हीच," मी म्हटलं.