भाताच्या कणगीतली लवंगतेलाची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. माझ्या पोटात लवंगेचं तेल आहे. वाफेवर काढलेलं हे तेल इतकं जहाल, की प्लास्टिकच्या डबीत ठेवलं तर डबीच मऊ पडते. पाण्यात थेंब टाका, तो तरंगत नाही, सरळ तळ गाठतो. हिरडीला लावलं की आधी चटका बसतो आणि मग तिथलं सगळं बधिर होतं. या एका गुणावर मार्गासनीजवळच्या आमच्या वाडीत माझं नाव झालं.

साळूबाईंनी मला वेल्ह्याच्या बाजारातून आणलं. वाडीत कुणाचा दात ठणकला, की आधी माझी आठवण. तिळाच्या तेलात थेंबभर मिसळून म्हाताऱ्यांचे गुडघेही चोळले जात. साळूबाई मला भिंतीतल्या देवळीत कुंकवाच्या डबीशेजारी ठेवायच्या. "डाक्टर हाय ही माजी," म्हणायच्या, आणि मी फुलून जायचे.

यंदा ऐन भातलावणीत त्यांची दाढ किडली. लावणी म्हणजे इर्जिक. आज तुमच्या खाचरात सारी वाडी, उद्या तुम्ही दुसऱ्याच्या खाचरात. अशा वेळी घरी बसलं तर लोक काय म्हणतील? साळूबाई पहाटे कापसाचा बोळा माझ्यात बुडवून दाढेत धरायच्या आणि चिखलात उतरायच्या. संध्याकाळी पुन्हा तेच. ठणका थांबायचा, पण दाढेच्या मुळाशी पू साचत होता. मी दुखणं नुसतं झोपवते, मित्रांनो, बरं करत नाही. पण हे सांगायचं कसं?

गाल सुजला तेव्हा सून अश्विनी म्हणाली, "आत्या, नसरापूरला दाताच्या डॉक्टरकडं जाऊया की."

"लावणी उरकू दे. आता कुठं दुकतंय?"

"तेलानं दुकत न्हाई. सूज गळ्याकडं उतरलीया, बघा."

"गप गं. तेल हाय न्हवं!"

ते ऐकून मला देवळीतून खाली पडावं आणि फुटून जावं असं वाटलं. पण बाटलीला पडतासुद्धा येत नाही, कुणीतरी पाडावं लागतं.

दुसऱ्या दिवशी साळूबाईंना घास गिळेना. अश्विनीने मला गुपचूप उचललं आणि भाताच्या कणगीत खोल खुपसून टाकलं.

मग ठणका जागा झाला. साळूबाईंनी देवळी धुंडाळली, पेटी उपसली. "कुठं गेली गं बाटली? मरतीय मी!" त्या कण्हत भिंतीवर डोकं टेकत होत्या. मी चार हातांवर होते, एका थेंबाचं काम होतं. आणि मी मनातल्या मनात आक्रोश करत होते, अश्विनी, मला काढू नकोस. त्या कितीही रडल्या तरी काढू नकोस. अश्विनीही रडत होती, पण जागची हलली नाही.

शेवटी साळूबाईच म्हणाल्या, "ने गं बाई, कुठं न्यायचं तिथं ने."

टेम्पो गेल्याचा आवाज आला. मग घरात कुणीच नाही. त्या परत येतील का? की मीच त्यांना मारलं? त्या अंधारात मी तेच तेच विचारत राहिले.

त्या आल्या. नसरापूरच्या डॉक्टरांनी त्यांना तसंच पुढे भोरला धाडलं होतं. तिथे हनुवटीखाली छेद देऊन पू काढला. आणखी उशीर झाला असता तर श्वासच अडकला असता म्हणे. अश्विनीने मला पुन्हा देवळीत ठेवलं, पण साळूबाई माझ्याकडे बघेनात.

परवा शेजारच्या बनाबाई गालाला पदर लावून आल्या. "साळूबाय, ती बाटली दे की वाईच."

मला वाटलं, आता पुन्हा तेच होणार. साळूबाईंनी मला हातात घेतलं, कापसावर एकच थेंब टाकला आणि बूच घट्ट लावून मला परत ठेवून दिलं. मग हनुवटीखालच्या वणावर बोट ठेवून म्हणाल्या, "एसटी येस्तवर एवढं पुरंल. चल, मी येते तुज्यासंगं नसरापूरला."

मित्रांनो, माझी तुम्हालाही एवढीच विनवणी आहे. मला एसटी येईपर्यंतच वापरा.