भगताच्या रांजणातलं मीठ

उधन्याच्या यंत्रमाग कामगारांच्या एका चाळीत रविवारी दिवेलागणीला पाय ठेवायला जागा नव्हती. मागावरून सुटलेले कारागीर अंगाला चिकटलेला तंतू न झटकताच येऊन बसले होते. बायका मीठ-मोहरीच्या पुड्या मुठीत धरून पुढे सरकत होत्या. सगळ्यांचे डोळे एकाच जागी लागलेले. शालिग्राम भगताच्या देवीच्या डोक्यावर शंभराचा बल्ब होता, आणि तो बल्ब म्हणे पापी माणूस ओळखत असे.

"बिजली सरकारनी शे, पण तेज मायनं शे," भगत डोळे गरगरा फिरवत सांगे. "डाकीण समोर उनी का माय डोया मिटी लेस." मायची वीज शेजारच्या खोलीतून चोरून ओढलेल्या तारेने येत होती, पण तिकडे कोण बघतो?

शोभाबाईचा लहानगा मुलगा दगा सतरा दिवस तापाने फणफणत होता. त्याला मांडीवर घेऊन ती पुढे बसली होती. भगताने एकेका बाईला देवीसमोर बोलावलं. दिवा लख्ख. मग त्याने चाळीतल्याच सुंदराला बोलावलं.

सुंदरा उभी राहिली आणि दिवा मंदावू लागला. आधी पिवळा, मग तांबूस, मग विझत्या निखाऱ्यासारखा. गर्दीतून भीतीचा हुंकार उमटला. आठवडाभर आधी तिने दगाला कामावर नाटकवाल्यांनी दिलेला पेढा भरवला होता. मग ताप वाढला होता, हे तिलाही ठाऊक होतं.

"बेस्तवारलोंग कबूल कर," भगताने गुरुवारपर्यंतची मुदत दिली. "नही ते डोकं भादरसूत, डाग देसूत आन चाळबाहेर काढसूत."

घरी आल्यावर तिचा नवरा लोटू याने मुलीला उचलून स्वतःच्या आईकडे नेऊन ठेवलं. सुंदराला वाईट वाटलं, पण रागही येईना. तिलाच वाटू लागलं होतं की आपल्या नजरेत काहीतरी असेल. भाकरी थापताना ती स्वतःच्या हातांकडे भीत भीत बघायची.

सुंदरा नाट्यगृहात झाडलोट करायची, पाणी भरायची. बुधवारी तिथे मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम होती. बँकेत नोकरी करणारा जयंत हौसेने प्रकाशयोजना बघायचा. दिवे मंद करायचे त्याचे डिमर म्हणजे सांडपाण्याचे चिनी मातीचे उभे नळ होते. त्यांत पाणी, तळाशी शिशाची एक पत्री, दुसरी दोरीने वरून सोडलेली. पाणी सुंदराने भरायचं आणि मीठ जयंतने घालायचं, तेही चिमटीने मोजून. ती दोन वर्षं पाणी भरत होती, पण खेळ चालू असताना मागे उभं राहून कधी बघितलं नव्हतं. घरी जायची घाई असायची. त्या दिवशी घरी जायची भीती होती, म्हणून ती थांबली.

प्रवेश संपला. जयंतने दोरी सावकाश वर ओढली. रंगमंचावरचा प्रकाश पिवळा झाला, तांबूस झाला, निखाऱ्यासारखा झाला. सुंदराच्या हातातली बादली खाली पडली.

जयंतने तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दिवा मंदावला तेव्हा गल्लीतले बाकीचे दिवे?"

"बन्सीलालच्या पानटपरीचा होता तसाच होता."

"सुंदराबाई, माग सुरू झाले की वीज ओढली जाते, तेव्हा अख्ख्या गल्लीचे दिवे एकदम मंद होतात. एकटाच दिवा असा सावकाश मंदावत असेल, तर त्याच्या तारेवर कुणाचा तरी हात आहे. देवीमागे काय असतं?"

"तीर्थाचा रांजण. लाल फडकं टाकेल. कोणाले हात लावू देत नही. म्हणस, शिवलं का माय झटका देस."

"देणारच. त्यात वीज आहे." जयंत उठला. "मी येऊन सांगतो त्यांना."

"तुमनं ऐकतीन साहेब, आन तुमी गया का माले डागतीन," सुंदरा म्हणाली. "त्यामा मीठ जास्त झालं ते?"

जयंत पुन्हा खाली बसला. "मग पाण्यातून वीज जास्त जाईल, पत्री कितीही वर ओढली तरी दिवा मंदावणार नाही. पण पाण्याला बोट लावू नका. वरून टाका, आणि हात कोरडा ठेवा."

गुरुवारी गर्दी दुप्पट होती. भगताजवळ शेगडीत सळई तापत होती. दाराशी जयंत उभा होता, पण तिथून देवीपर्यंतची दहा पावलं सुंदराला एकटीनेच चालायची होती.

"कबूल करस का?" भगताने विचारलं.

"आधी मायनी दीठ काढू द्या," ती म्हणाली. "मन्ही नजर मायले लागनी व्हई ते उतरी जाई."

बायकांनी माना हलवल्या. देवीची दृष्ट काढायला नाही म्हणायचं तरी कसं? भगत अडखळला. तेवढ्यात सुंदराने पदरात आणलेलं ओंजळभर मीठ ओवाळलं, मूर्तीला वळसा घातला, फडकं बाजूला सारलं आणि सगळं मीठ वरून रांजणात सोडून दिलं.

"आते मन्हाकडे देखा," ती समोर येऊन म्हणाली.

भगत मंत्र पुटपुटू लागला. दिवा लख्ख. मंत्र वाढला, आवाज चढला, दिवा तसाच. कातड्याच्या आसनाखाली भगताचा पाय जोरजोराने हलत होता. शेवटी पत्री पाण्यावर निघाली, रांजणात चर्रकन ठिणगी उडाली आणि दिवा खाडकन गेला. भगत किंचाळून उठला, तर त्याच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली दोरी ताणली गेली आणि शेगडीच्या उजेडात रांजणातली पत्री सगळ्यांसमोर खणखणत बाहेर आली.

जयंतने आधी तार तोडली, मग फडकं ओढलं. खारट पाणी, तळाची पत्री, अंगठ्यापर्यंत आलेली दोरी त्याने एकेकाला जवळ बोलावून दाखवली. पत्र्यांमध्ये पाण्याचं अंतर वाढलं की वीज कमी जाते आणि दिवा मंदावतो, बस. देवीचा कौल म्हणत होते तो भगताच्या अंगठ्यात निघाला. लोकांनी आता त्याला धरलं. कुणीतरी तीच सळई उचलली. सुंदराला पुन्हा धडकी भरली, कारण चेहरे तेच होते. ती मध्ये उभी राहिली आणि सळई हिसकावून रांजणाच्या पाण्यात बुडवून टाकली. भगताला चौकीवर नेलं.

शोभाबाई तिथेच बसून होती. "तुन्हं नाव मीच सांगं व्हतं त्याले," ती हळूच म्हणाली. "मागल्या शुक्रवारीच त्यानी इचारं, तुन्हा संशय कोनावर?"

"मंग बोलजो. पोऱ्याले उचल आधी."

रिक्षात दगाचं डोकं सुंदराच्या मांडीवर होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला आणि लगेच दाखल करून घेतलं. इतके दिवस कुठे होतात, असं त्यांनी विचारलं.

वाचकहो, दिव्याची युक्ती पत्री न् पाण्याची, ती शाळकरी पोरालाही समजेल. तुमच्यासमोर कुणी चमत्कार केला तर हात जोडण्याआधी त्याच्या मागे जाऊन बघा, आणि बघू देत नसेल तर तिथेच काय ते समजा. पण भगताची खरी करामत दिव्यात नव्हती. दवाखान्याच्या बाकावर शोभाबाईने विचारलं, "आज बी दिवा मंद व्हता ते तू काय करती?"

सुंदराने पदराला चिकटलेलं मीठ झटकलं.

"डाग लेती," ती म्हणाली. "बुधवारलोंग माले बी खरंच वाटे, का मी डाकीण शे."