थर्ड हाये

चाकणच्या एका पत्र्याच्या चाळीतली शेवटची खोली, ती दीपमालाची बालवाडी. दीपमाला मूळची दिघीची, जुन्या शेतकरी घरातली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण प्रशिक्षण घेऊन आलेल्या दीपमालाचा उत्साह नऊ महिने झाले तरी ओसरला नव्हता. तिथं शिकवलेली पद्धत अशी: मुलानं आपलं काम आपण निवडायचं, ताईनं मध्ये लुडबूड करायची नाही आणि रोज एकदा शांततेचा खेळ खेळायचा. डोळे मिटून गप्प बसायचं आणि बाहेरचे आवाज ऐकायचे. हा खेळ जमायला महिने लागतात, असं प्रशिक्षणात बजावलं होतं. इथल्या पोरांना तो पहिल्याच दिवशी जमला.

दीपमालाला आभाळ ठेंगणं झालं. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या स्नेहल मॅडम पाहायला आल्या, त्या दिवशी चार वर्षांची दिव्या अशी बसली, की नाकावर माशी बसली तरी हलली नाही. मॅडम म्हणाल्या, "आमच्या वाकडच्या मोठ्या सोसायट्यांमधल्या मुलांना हे वर्षभरात जमत नाही हो! पुढच्या महिन्यात बाकीच्या तायांना घेऊन येते. बघू देत त्यांनाही."

दिव्या हिंगोलीकडची. बाप सुजित कंपनीत वेल्डिंगला, आई कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला.

मॅडम येऊन गेल्या आणि त्याच आठवड्यात एकदा वाऱ्यानं दार धाडकन आपटलं. पोरं आपापल्या चटईवर कामात होती. कुणी रडलं नाही, म्हणून दीपमालानंही मान वर केली नाही. जरा वेळानं दार उघडायला गेली, तर दिव्या तिथं उभी. तिचं बोट दाराच्या फटीत चेंगरलं होतं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडातून हूं नाही की चूं नाही.

"अगं बाय माझे! हाक न्हाई का मारायची?" बोट सोडवत दीपमाला ओरडली.

"थर्ड हाये," दिव्या कुजबुजली.

तो शब्द ऐकताच सगळ्या पोरांनी ओठांवर बोटं ठेवली.

थर्ड म्हणजे रात्रपाळी, एवढं दीपमालाला ठाऊक होतं. तिचा भाऊही थर्डला जायचा. पण त्याला झोपायला माडीवर वेगळी खोली होती. इथं एका खोलीत संसार, मध्ये नुसता पत्रा. आपला बाप जागा असला, तरी शेजारचा झोपलेला असायचाच. पोरानं जरा आवाज काढला, की आई दटावायची, 'थर्ड हाये!' ऐकून ऐकून पोरांना गप्प बसण्यासाठी तेवढाच शब्द उरला होता.

दीपमालाला स्वतःची लाज वाटली. जे ती आपल्या शिकवण्याचं फळ समजून मिरवत होती, ते या लेकरांना पाळण्यातच शिकवलं गेलं होतं. बरं, दोष तरी कुणाला द्यावा? रात्रभर ठिणग्यांपुढं उभ्या राहिलेल्या माणसानं झोपायचं कधी?

दुसऱ्या दिवसापासून तिनं शांततेचा खेळ बंद केला. पोरांना घेऊन ती चाळीपासून लांब, रस्त्याकडेच्या मोकळ्या प्लॉटवर जाऊ लागली. तिथून कंटेनर जायचे. कंटेनरनं हॉर्न दिला, की त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायचं, हा नवा खेळ.

मॅडमचा फोन आला. "अहो, पद्धतीत हे बसत नाही."

"तुमीच शिकवलं ना मॅडम, पोराला काय पायजे ते आधी बघा म्हणून? वाकडच्या पोरांना शांतता पायजे आसंल. माझ्या पोरांना आवाज पायजे."

मॅडम म्हणाल्या, "तायांना आत्ता नाही आणत."

हळूहळू बाकीची पोरं ओरडायला लागली. दिव्याचं मात्र नुसतं तोंड उघडायचं. आवाज काही फुटायचा नाही. दीपमाला रोज तिच्याकडे पाहायची.

एकदा सकाळी ओव्हरटाइम करून सुजित उशिरा परतत होता. हातात डब्याची पिशवी, डोळे लालभडक. पोरांचा गलका ऐकून तो प्लॉटकडे वळला. त्याला पाहिलं मात्र, एक पोरगं दबक्या आवाजात म्हणालं, "थर्ड!" सगळी चिडीचूप झाली.

सुजित ओशाळला. त्यानं विचारलं, "ताई, आत्ता वरडत होते, त्यात माह्या पोरीचा आवाज कोणता होता?"

दीपमालाला खोटं बोलवेना. "ती अजून वरडली न्हाई, दादा."

तो पिशवी ठेवून तिथंच मातीत बसला. दिव्या त्याच्याजवळ गेली, चेंगरून काळ्या पडलेल्या नखाचं बोट ओठांवर ठेवून हळूच म्हणाली, "पप्पा, झोपा ना."

"मी जागा हाये, बाई," सुजित म्हणाला.

कंटेनरनं हॉर्न दिला. एकही पोर ओरडलं नाही. मग सुजितनंच तोंड उघडलं आणि पाळीचा सगळा शीण काढावा तसा तो ओरडला. आवाज फाटला, तरी थांबला नाही.

दिव्यानं दचकून लांबच्या खोल्यांकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं.

आणि ओरडली.