लाँड्रीपलीकडचा नेपच्यून

विज्ञानाच्या बाई पाच वर्षं हंगामीच होत्या. दर वर्षी नवा हुकूम, दर वर्षी नवी धास्ती. घरी सासूबाई विचारायच्या, "काय गं, तुझी नोकरी अजून पाहुणीच का?" यंदा कायम करायचं मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, कबूल केलं होतं. फक्त तपासणीला साहेब येणार, त्यांच्यासमोर काही वेडंवाकडं व्हायला नको.

आणि नेमकं तेव्हाच बाईंना शहाणपण सुचलं! पुस्तकातल्या चित्रात ग्रह एका बाकावर दाटीवाटीने बसवल्यासारखे. ते बघून बाईंना चीडच यायची. त्यांनी शाळेच्या फाटकाशी स्टुलावर पिवळा चेंडू ठेवला. हा सूर्य. वीस पावलांवर पृथ्वी, मोहरीएवढी. गुरू म्हणजे गोटी, तो शंभर पावलांवर. आणि नेपच्यून म्हणजे मिरीचा दाणा. तो घेऊन टकळी पुढे, वर्ग मागे. टकळी म्हणजे झोपेतही गप्प बसत नसेल अशी पोर. झेरॉक्सचं दुकान गेलं, पंक्चरवाला गेला, लाँड्रीही मागे पडली, तेव्हा कुठे बाई म्हणाल्या, "हं, इथे."

टकळीने मागे वळून पाहिलं. चेंडू दिसेचना.

"बाई, मधे एवढं सगळं नुसतं रिकामं?"

"नुसतं रिकामं."

पोरगी चक्क गप्प झाली. बाईंना वाटलं, बस्स, यासाठीच तर शिकवायचं.

मोठ्या बाईंना कळलंच. "पोरांना रस्त्यावर वणवण फिरवता? आणि साहेबांना काय मिरी दाखवू? हॉलमध्ये टांगा सगळं. दिसेल असं, हातहातभर अंतरावर."

"पण ते खोटं होईल, बाई."

"तुम्हाला कायम व्हायचंय ना?"

झालं, संपली हुशारी! बाई मूग गिळून कामाला लागल्या. पृथ्वी नारळाएवढी, सूर्य तिच्याहून जेमतेम मोठा. पोरांना बजावलं, विचारलं तर समोर दिसतंय तेच सांगायचं.

"पण बाई..." टकळी म्हणाली.

"पण नाही नि बिण नाही."

साहेब आले, खूश झाले. जाता जाता नेमके टकळीसमोर थांबले. "काय बाळ, सूर्यापासून नेपच्यून केवढा लांब?"

टकळीने टांगलेल्या गोळ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "हा खोटा आहे, साहेब. आमचा लाँड्रीच्या पुढे होता. बाईंनीच नेलं होतं आम्हाला."

मोठ्या बाईंनी डोळे वटारले. आणि बाई हसल्या. देवा, किती चटकन हसता येतं माणसाला! "लहान आहे हो. काहीही बडबडते."

साहेब हसले, मग सगळा हॉल हसला. टकळीचे कान लालबुंद झाले.

कायमचा हुकूम आठवड्याभरात हातात पडला. सासूबाईंनी शेजारीपाजारी सांगून टाकलं. बाईंना स्वतःची लाज वाटत होती, पण हुकूम काही त्यांनी परत केला नाही.

सोमवारी त्या चेंडू, गोटी, मिरी घेऊन वर्गात आल्या. "चला रे, पुन्हा जाऊ. हॉलमधलं ते शोभेचं होतं. खरं हे." आणि त्यांनी मिरीचा दाणा टकळीपुढे धरला.

टकळीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"दुसऱ्या कुणाला तरी द्या, बाई," ती म्हणाली. "मी काहीही बडबडते."